नाव जुने, माल नवा

समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. तेथील एका कापड दुकानदाराच्या मुलाला पुण्याच्या मामांनी ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ हे हातात मावणारे खेळयंत्र दिले होते. दोन पेन्सिल सेलवर ते चालत असल्याने भारनियमनाचाही त्याला अडथळा नसे.

पोकेमॉनचा मूळ खेळ जपानमध्ये १९९६ साली आला. त्यात १५१ प्राणी होते. परंतु एकाच आवृत्तीत ते सर्व मिळत नसत. दोघांनी आपापली यंत्रे जोडून देवाणघेवाण केली, तरच संग्रह पूर्ण होई. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला ही रीत आवडावी, यात नवल नव्हते.

त्यामुळे त्याच नावाचा ‘मिस्ट्री डंजन : रेड रेस्क्यू टीम’ हा उपखेळ हाती येताच त्याने तो मोठ्या आशेने सुरू केला. २००५ साली जपानमध्ये निघालेला हा खेळ चुनसॉफ्ट या कंपनीने केला होता. प्रारंभी काही प्रश्न विचारले जात आणि उत्तरांवरून खेळणाराच एखादा पोकेमॉन होऊन बसे. पकडण्याचा चेंडू नाही, प्रशिक्षक नाही; संकटात सापडलेल्यांना गुहांतून सोडवून आणणे हेच मुख्य काम. मुलगा हिरमुसला. आठवडाभरात खेळ कपाटात गेला.

वास्तविक खेळ टाकाऊ नव्हता. गुहेत पराभव झाला, तर जवळची रोकड जाते. पेढीत ठेवलेली रक्कम मात्र सुरक्षित राहते. ती पेढी पर्शियन नावाचा मांजरासारखा पोकेमॉन सांभाळतो. चालता चालता भूक लागते, म्हणून शिदोरीचा हिशेब ठेवावा लागतो. गुहेतील दुकानातून पैसे न देता माल उचलला, तर दुकानदार पाठलाग करतो. व्यवहाराचे इतके धडे असूनही मुलाचा राग खरा होता. कारण त्याने जुन्या नावावर विसंबून एक माल मागितला आणि हाती दुसराच पडला.

वाणिज्यशास्त्रात ख्यातीला मालमत्ता मानतात. जुना ग्राहक पुन्हा त्याच दारी येईल, हा विश्वास म्हणजे ख्याती. तिच्या बळावर नवा माल खपतो. पण ग्राहकाला आधी सांगितले नाही, तर त्याच बळाचे ओझे होते.

तो मुलगा आता आजोबांच्या गादीवर बसतो. कापडाची मागणी घटल्याने त्याने तयार कपडे ठेवण्याचे ठरवले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “लोक आपल्याकडे बस्ता बांधायला येतात. त्यांना काय सांगशील?” या प्रश्नावर दोघांत कित्येक दिवस अबोला राहिला. वडिलांचा विरोध मालाला नव्हता, न सांगता केलेल्या बदलाला होता, हे मुलाच्या उशिरा लक्षात आले.

अखेर आजोबांच्या नावाखाली ‘तयार कपड्यांचे दालन’ अशी स्वतंत्र पाटी लागली आणि बस्त्याचे कापड मागच्या खोलीत कायम राहिले. पहिल्या वर्षी काही जुनी गिऱ्हाइके पाटी वाचून पायरीवरूनच परतली. मुलाने त्यांना अडवले नाही. मागच्या खोलीत कापड आहे, एवढे मात्र आवर्जून सांगितले. त्यांतील काही घरे पुढच्या लग्नसराईत बस्त्यासाठी पुन्हा आली.