माडाचा वैद्य

वैद्य म्हटला म्हणजे तो गादीवर बसलेला असावयाचा आणि रोग्याने त्याच्या दारी जावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु रोगी जागचा हलू शकत नाही आणि त्याची नाडी जमिनीपासून पन्नास फुटांवर असते, असाही एक वैद्यकीचा धंदा आहे. दक्षिण कोकणात तो करणाऱ्यास पाडेली म्हणतात. नावाप्रमाणे नारळ पाडणे हे त्याचे काम. आणि आम्हीही पुष्कळ वर्षे त्यास तेवढेच समजत होतो. ही समजूत सोडण्यास आम्हांस एक माड खर्ची घालावा लागला. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

मालवण तालुक्यात आमची वडिलोपार्जित माडांची वाडी आहे. आम्ही पडलो पुण्यास राहणारे. वर्षातून दोन वेळा तिकडे जावे, आठ दिवस मालकी गाजवावी आणि पोतेभर नारळ घेऊन परतावे, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. वाडीची खरी देखरेख आबांकडे. हे आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे पाडेली. वय साठीच्या पुढे, अंगाने शिडशिडीत. तळपाय मात्र इतके रुंद आणि खरबरीत की, ते माणसाचे नसून माडाच्याच बुंध्याचा एखादा तुकडा असावेत असे वाटे.

त्यांची सारी हत्यारे एका कमरेवर मावत. मागे बांधलेली लाकडी आकडी, तीत अडकविलेला कोयता, बाजूस एक लहानशी पिशवी आणि टोकाला गळासारखा वाक दिलेली हातभर लोखंडी सळई. याखेरीज काथ्याचे एक वेटोळे. ते दोन्ही पावलांत अडकवून आबा खोडास मिठी मारीत आणि आमचा चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी शेंड्यात दिसेनासे होत.

ती सळई कशासाठी, असे आम्ही एकदा विचारले. तेव्हा त्यांनी वरून एक काळा, डोक्यावर शिंग असलेला किडा आमच्या पुढ्यात टाकला. हा गेंड्या भुंगा. माडाच्या कोवळ्या, न उलगडलेल्या पानांत हा भोक पाडून शिरतो. पुढे ते पान उलगडले म्हणजे कात्रीने त्रिकोण कापून काढावेत तसे दिसते. आबा खाली उभे राहून ती नक्षी वाचीत आणि मग वर जाऊन सळईने भुंगा ओढून काढीत. पिशवीत वाळू आणि निंबोळीची पेंड मिसळलेली असे. ती पानांच्या बेचक्यांत भरीत. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. परंतु माडास शेंडा एकच, आणि तो गेला की माड गेला. हे शास्त्र आम्ही पुस्तकात वाचले होते. आबा त्यावर पोट भरीत होते.

२०१८ साली मे महिन्यात आमच्या मुलीचे लग्न आम्ही गावच्या घरी करावयाचे ठरविले. अंगणाच्या कडेस एक माड होता. त्याच्या काही ओल्या झावळ्या मांडवावर येत होत्या, म्हणून त्या उतरविण्यास आबांना सांगितले. त्यांनी त्या कापल्या. पण प्रत्येक झावळीचा दोन-अडीच हात देठ खोडाला तसाच ठेवला. आम्ही खालून पाहिले तो शेंड्याला जणू खुंट्याच ठोकलेल्या. फोटोत हे काय दिसेल, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो आणि देठ अगदी मुळाशी कापावेत असा हुकूम सोडला.

आबा वरूनच म्हणाले, "भाऊनू, ओलो देठ बुडात कापू नये. जखमेच्या वासार सोंडो येता."

आम्ही हसलो. येत्या चार दिवसांत मांडवाखाली दोनशे माणसे जेवावयाची होती. त्यांत एखादा भुंगा आला तर कितीसे बिघडणार, असा विनोदही आम्ही केला. आबा क्षणभर थांबले. मग कोयता चालू लागला. मांडव सुरेख दिसला, फोटोही सुरेख आले.

दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आबांनी काही न बोलता आमचा हात धरून त्या माडापाशी नेले. "कान लावा," म्हणाले. आम्ही खोडाला कान लावला. आत कोणी तरी संथपणे काही चावीत होते. रात्री माळ्यावर उंदीर कागद कुरतडतो तसा तो आवाज होता. थोडे वर एका बारीक भोकातून तपकिरी चिकट रस ओघळला होता. सोंड्या भुंगा ओल्या जखमेत अंडी घालतो, त्यांतून निघालेल्या अळ्या माडाचा गाभा खातात, आणि वरून झाड पुष्कळ दिवस हिरवेगार दिसत राहते. आबांनी औषध घालून पाहिले. पण फार उशीर झाला होता. पुढल्या उन्हाळ्यात शेंडा कलला. माड तोडला तेव्हा आत गाभ्याच्या जागी आंबूस वासाचा नुसता लगदा होता.

"मी सांगितले होते," हे शब्द आबांनी उच्चारले नाहीत. उच्चारले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

त्यानंतर वाडीत फिरताना आमची नजर दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाऊ लागली. आमच्या आजोबांच्या काळी चढण्यासाठी जुन्या माडांवर खाचा पाडल्या होत्या. लहानपणी त्या आम्हांस मोठ्या सोयीच्या पायऱ्या वाटत. त्या अद्याप तशाच उघड्या आहेत. कारण आंब्याची जखम सालीने भरून येते, माडाच्या खोडाची कधीच भरत नाही. आबा खाचा न पाडता दोरीवर का चढत, हे विचारण्याचे आम्हांस तोवर सुचले नव्हते. त्यांचा माडामागचा दर आठ आण्यांनी कमी व्हावा म्हणून वाद घालणे मात्र अनेकदा सुचले होते.

आता आबांचे गुडघे धरले आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. तसे शिकून आलेला गावातला एक मुलगा लोखंडी यंत्रावर पाय देत वर जातो. आबा खाली उभे राहून मान वर करून ओरडतात, "देठ ठेव रे, देठ ठेव!" पुण्याचे पाहुणे आले म्हणजे आमचे माड असे खुंट्या मारल्यासारखे का दिसतात, असे विचारतात. आम्ही त्यांस प्रथम अंगणाच्या कडेची रिकामी जागा दाखवितो.