पक्की यादी, कच्चं नाव

लेक बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहे, म्हणून घरात हल्ली जावाच्या गप्पा चालतात. मी पडलो उर्दू-मराठीचा मास्तर. पण जावातली न बदलणारी यादी मला फार ओळखीची वाटली.

जावातली साधी ‘अॅरेलिस्ट’ म्हणजे कच्ची वही. नाव घाला, काढा. २०१७ साली आलेल्या जावा ९ मधल्या ‘लिस्ट ऑफ’ने केलेली यादी मात्र जागीच पक्की होते. त्यात नाव वाढवायला गेलात की प्रोग्रॅम ‘अनसपोर्टेड ऑपरेशन’ची तक्रार करून थांबतो.

आधीची ‘अनमॉडिफायेबल लिस्ट’ माझ्या मते फसवी. ती नवी यादी करत नाही, जुनीवर काच बसवते. काचेतून तुम्हाला हात घालता येत नाही. पण मूळ यादी ज्याच्या हातात आहे त्याने बदल केला, तर तो काचेतून तुम्हालाही दिसतो. जावा १० मधलं ‘कॉपी ऑफ’ त्या क्षणाची प्रतच काढून देतं, मग मूळ यादीचं काहीही होवो. आणि यादी पक्की असली तरी आतल्या वस्तू पक्क्या असतीलच असं नाही. विद्यार्थी तेवढेच राहतात, एखाद्याचं नाव मात्र आतल्या आत बदलू शकतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नेमकं नावच गोठतं. उर्दूत एकाच तऱ्हेने लिहिलं जाणारं नाव मराठीत मोहम्मद, मुहम्मद, महंमद असं कसंही उतरतं. पहिलीला जे लिहिलं गेलं तेच पुढे दाखल्यावर येतं. आधारवर वेगळं निघालं की शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. कागदांवरच्या नावांची तर आमच्या मोहल्ल्यात आता धास्तीच आहे. म्हणून जन्मदाखला समोर असल्याशिवाय मी पेन उघडत नाही.

“अब्बू, आम्ही जुनी यादी खोडत नाही, दुरुस्ती घालून नवी करतो,” लेक म्हणाली. रजिस्टरमध्येही खाडाखोड चालत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आली की मगच दुरुस्ती, आदेशाचा क्रमांक घालून. तिचं काम एका ओळीत होतं. इथे रोजंदारी बुडवून बाप फेऱ्या मारतो आणि तेवढ्यात अर्जाची मुदत संपते.

या आठवड्यात असे दोन अर्ज लिहून दिले. दोन्ही मोहम्मदचेच.