राहता येईल का या घरात?

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, एका चढावरच्या रस्त्याने जाताना व्हिला टुगेंडहाट नीटशी नजरेत भरत नाही. बुटका पांढरा मजला, दुधी काच, बस्स. पण हा मजला सर्वांत वरचा. इथून आत शिरायचं आणि वळणाच्या जिन्याने खाली उतरायचं, की समोर उताराची बाग आणि पलीकडे अख्खं शहर. येणाऱ्या-जाणाऱ्यावर छाप पाडायची ज्याला हौसच नाही, असं श्रीमंताचं घर विरळाच.

वास्तुकार मीस व्हान डर रोहेने ते 1929-30 मध्ये ग्रेटा आणि फ्रिट्झ टुगेंडहाट या ज्यू दांपत्यासाठी बांधलं. जमीन ग्रेटाच्या वडिलांनी दिलेली. सगळा भार पोलादी सांगाड्यावर, फुलीच्या आकाराच्या चकचकीत खांबांवर. त्यामुळे दिवाणखान्यातल्या भिंतींना पेलायचं असं काही उरलंच नाही, नुसतं सुंदर दिसायचं. एक मोरोक्कोच्या मधाळ ऑनिक्सची. हिवाळ्यातलं कललेलं ऊन तिच्यात शिरलं की दगड आतून लालसर पेटतो. दुसरी मकासार आबनुसाची, जेवणाच्या टेबलाभोवती अर्धगोल वळलेली. बागेकडच्या दोन अजस्र काचा तर बटण दाबताच तळघरात उतरतात. मग आत-बाहेर काही उरत नाही.

1931 मध्ये एका जर्मन समीक्षकाने सवाल टाकला, की असल्या घरात माणसाला राहता येतं का? नवरा-बायकोने छापील उत्तर दिलं, येतं, आणि सुखाने येतं. पण नशिबात ते फार दिवस नव्हतं. 1938 मध्ये त्यांना देश सोडावा लागला, पुढच्या वर्षी घर नाझींच्या गेस्टापोने बळकावलं. आबनुसाची भिंत उचकटून नेली गेली; तिच्या फळ्या 2011 मध्ये ब्रनोतच, गेस्टापोच्या जुन्या कचेरीतल्या खाणावळीच्या भिंतीवर सापडल्या! 1945 मध्ये रेड आर्मीचे घोडे आले, मग नृत्यशाळा. 1992 मध्ये चेकोस्लोव्हाकियाची वाटणीही चेक नेते क्लाउस आणि स्लोव्हाक नेते मेचियार यांनी याच बागेत बसून ठरवली. 1963 पासून वास्तू संरक्षित, 2001 पासून युनेस्कोच्या यादीत.

या साऱ्यात मला आवडतो तो 1950 नंतरचा काळ. कण्याच्या विकारांची मुलं तेव्हा या दिवाणखान्यात व्यायामाला यायची. जुन्या फोटोंत ती ऑनिक्सच्या भिंतीपुढे हातपाय ताणताना दिसतात. वास्तुकलेचे जाणकार या पर्वाबद्दल जरा नाक मुरडूनच बोलतात. मला विचाराल तर भरपूर ऊन, मोकळी फरशी आणि समोर झाडं, एवढं सगळं त्या मुलांइतकं मनसोक्त कुणीच वापरलं नसेल.