ताईला दिल्ली सांगताना

कापूस विकून झाला की ताई-भाऊजी आठवडाभर दिल्लीला जाणार आहेत. आदिलाबादजवळून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग थेट दिल्लीला पोहोचतो, तरी लांबच्या प्रवासाला नागपूरहून रेल्वेच बरी. काय काय पाहू, असं ताईनं विचारलं आणि संध्याकाळपासून डोक्यात दिल्लीच आहे.

आधी सोमवार सांभाळ म्हटलं. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेम्पल, सगळं त्या दिवशी बंद. तेव्हा हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार उरकावेत.

लाल किल्ल्याला मात्र पूर्ण सकाळ द्यावी. तिथल्या दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर पाहावं. तिथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं. फौज पोसायला पैसा नव्हता. पानिपत आपण सगळेच ऐकतो, पण त्याआधीची ती ओढाताण मला तिथेच कळली. त्याच वर्षी १० जानेवारीला दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. यमुनेचा तो काठ सहलीच्या बसमध्ये नसतो. मराठी माणसानं रिक्षा करून जावं, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रपती भवन आधी नोंदणी करून पाहता येतं. पद्म पुरस्कार तिथेच दिले जातात. आपल्या भागातले गुस्साडी नर्तक कनक राजू यांना २०२१ सालची पद्मश्री मिळाली, हे ताईनं मुलांना तिथेच सांगावं.

डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात. फेब्रुवारीत जाणं उत्तम, तेव्हा राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही उघडतं.