माहुलीच्या पायथ्याची गुळवेल

आसनगाव स्टेशनावर उतरले की माहुली किल्ल्याचे सुळके दिसू लागतात. शहापूर तालुक्यातल्या या डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. गेल्या मृगात मी तिथे गेलो तो भाताची रोपे पाहायला, पण दिवस गेला गुळवेलीच्या मागे.

वाडीतल्या एका आजीने मला झाडाखाली उभे केले. कुणीतरी वेल बुडातून तोडून नेली होती आणि वरचा भाग तसाच लोंबत राहिला होता. त्यातून सुतळीसारखी मुळे जमिनीकडे निघाली होती. आजी म्हणाली, "सायेब, ही मेली नाय. माती शोधतेय." हिला अमृता का म्हणतात, ते पुस्तकापेक्षा तिथे चांगले कळले.

कोरोनाच्या काळात, म्हणजे 2020-21 साली, गुळवेलीला एकाएकी भाव आला. या तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी तिचा व्यापार करून दाखवला, त्याचे कौतुक आहेच. पण अशा तेजीत मुळासकट वेल ओढणारेही निघतात. आजीची रीत वेगळी. वेल अंगठ्याहून जाड झाली की जमिनीपासून हातभर खुंट ठेवून कापायची. पावसात तो पुन्हा फुटतो.

तापात काढा द्यायचा, ही आपली जुनी चाल. ठेचलेली कांडी रात्रभर पाण्यात ठेवून, कुस्करून गाळली की तळाशी पांढरा साका बसतो. तो वाळवला की झाले गुळवेल सत्त्व. मात्र 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. दुसऱ्याच जातीची वेल पोटात गेली असेल, असेही म्हटले गेले. वाद तज्ज्ञांचा, पोट मात्र आपले. म्हणून ओळख पक्की हवी. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते, आत हिरवा रंग दिसतो, कांडी आडवी कापली तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. खोडावर गाठीगाठींचे मोड असतील तर ती वेल घेऊ नका. आणि ओळख पटली तरी महिनोन्‌महिने काढा पीत राहू नये. यकृताचा आजार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बांधावर लावायला हिच्याइतकी सोपी वेल नाही. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, दोन डोळ्यांची वीतभर कांडी घ्या. बुडाकडची बाजू खाली ठेवून निंबाशेजारी खोचा. पाणी साचू देऊ नका, एवढेच. निंबावरची गुळवेल वैद्य जास्त मानतात.

मी दोन कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. एक घरी लावली. दुसरी घेऊन एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर गेलो. तिथला निंब मोकळाच होता. पोराने कांडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि हसून म्हणाला, "साहेब, या निंबावरची वेल माझ्या बापाला तुम्हीच तण म्हणून काढायला लावली होती."

खरे होते. नोकरीत नवा होतो तेव्हा. खड्डा मीच खणला.