तलवार सोडून सत्तेचाळीस इंच

फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा

प्रिय बंड्या,



मागच्या फोनवर तू अर्धा तास एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांना शिव्या घातल्यास, पर्ससीन जाळेवाल्यांना पाव तास, आणि उरलेली पाच मिनिटं मला: "तू तिकडे एसीत बसून मासे कसले खातोस!" म्हणून हे पत्र. मी एसीत नव्हतो. गेल्या शनिवारी पहाटेपासून समुद्रात होतो, तलवार मासा गरवायला.

हसू नकोस. हर्णैच्या धक्क्यावर माझ्या गरीला शिंगाळ्याशिवाय कधी काही लागलं नाही, हे तुला पाठ आहे. पण ऑफिसातल्या तिघांनी बोट भाड्याने घेतली होती आणि वर्गणीला चौथा गडी कमी पडत होता. इथे लोक हौसेपायी एवढे पैसे मोजतात की त्यात तुझ्या काकांच्या होडीचा महिन्याचा डिझेलचा हिशेब सुटेल. एवढं करून पकडलेला मासा विकायचा नाही. हौशी परवान्यावर धरलेला मासा विकणं इथे बेकायदा आहे. घरी न्या, खा, शेजाऱ्याला द्या, पण काट्यावर चढवायचा नाही.

तलवार मासा दिवसा पाचशे-साडेपाचशे मीटर खोल काळोखात राहतो आणि रात्री वर येतो. त्यामुळे पूर्वी इथले लोक रात्रीच जायचे. १९७०च्या दशकात मायामीसमोर रात्रीच्या तलवार माशाचं वेडच लागलं होतं. दिवसाढवळ्या तळाशी गरी सोडायची रीत या किनाऱ्यावर रुजली ती २०००नंतर. दोरीला पाचेक किलोचं शिसं, वर एक छोटा दिवा, आणि आमिषाला म्हाकूल. ते गरीला नुसतं टोचत नाहीत. खलाशी सुईदोरा घेऊन बसला आणि त्याने ते गोधडीला टाके घालावेत तसं शिवलं. का, तर हा मासा आधी तलवारीने टोला हाणतो आणि मग तोंड घालतो. ढिलं आमिष पहिल्याच फटक्यात सुटून जायचं.

आणि हो, दिवा बांधतात म्हणून लगेच उसळू नकोस. तो अंगठ्याएवढा असतो, तुमच्याकडच्या जनरेटरवाल्या रोषणाईसारखा नाही.

मग वाट बघणं. गल्फ स्ट्रीमचा प्रवाह उत्तरेला ओढतो, म्हणून तांडेल (इथे कॅप्टन म्हणतात, पण माणूस अस्सल तांडेल) बोटीचं तोंड दक्षिणेला ठेवून इंजिन चालवतच राहतो. खालची दोरी ओळंब्यासारखी उभी राहिली पाहिजे. सगळ्यांचे डोळे काठीच्या टोकावर. टोक लाटेबरोबर डुलत असतं. डुलणं वेगळं आणि मान हलवणं वेगळं, हे मला तासाभराने कळलं. दुसऱ्या खेपेला टोकाने दोनदा मान हलवली, एखाद्या म्हाताऱ्याने "बरं, बरं" म्हणावं तशी. तांडेल ओरडला.

पुढचं सांगायला लाज वाटते. रीळ विजेचं होतं. बटण दाबलं की दोरी गुंडाळली जाते. इथले जुने जाणते याला मासेमारी मानायला तयार नाहीत, आणि जागतिक विक्रम नोंदवणारी संस्थाही विजेच्या रीळावरचा मासा धरत नाही. लू मॅरन नावाच्या गृहस्थांनी १९५३ मध्ये चिलीच्या इकिके बंदरासमोर ५३६ किलोचा तलवार मासा हाताच्या रीळावर काढला. तो विक्रम सत्तर वर्षं उलटली तरी कोणी मोडलेला नाही. आमच्या बोटीवर मात्र एकजण बटणावर बोट ठेवून सँडविच खात होता.

पण मासा वर आला तेव्हा सगळे गप्प. जांभळट तपकिरी अंग, एकही खवलं नाही, आणि लहान मोसंब्याएवढा निळा डोळा. या माशाच्या डोळ्यामागे एक स्नायू असतो, त्याचं काम फक्त ऊब तयार करायचं. खालच्या गार पाण्यात डोळा आणि मेंदू गरम ठेवतो, म्हणजे नजर मंदावत नाही. तो डोळा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं. बघत नसेलही.

मग मोजपट्टी निघाली. खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. तलवार धरायची नाही, नाहीतर पोरगंही पहिलवान ठरेल. कायद्याने ४७ इंच हवेत. माणशी रोज एक मासा, खासगी बोटीवर एका फेरीत जास्तीत जास्त चार, भाड्याच्या बोटीवर सहा. किनाऱ्याला लागल्यावर २४ तासांत सरकारला कळवायचं. आमचा ५१ भरला. टाळ्या पिटल्या गेल्या, त्यात माझ्याही होत्या.

धक्क्यावर साफ करायच्या टेबलाशी मी मुद्दाम उभा राहिलो. सवय रे, आई कोळणीशी हुज्जत घालताना आधी पोटाकडे बघायची. खलाशाने पोट उघडलं. मी विचारलं, मादी? म्हणाला, मादी. गाबोळीच्या जागी बोटाएवढ्या दोन फिक्या पट्ट्या होत्या. "कच्ची आहे," म्हणाला आणि पाण्याचा पाइप सोडला.

घरी येऊन मी बसून वाचलं. उत्तर अटलांटिकमध्ये या माशाची मादी साधारण ७० इंचांच्या आसपास अंडी घालण्याजोगी होते, म्हणजे चार-पाच वर्षांची झाल्यावर. कायदा ४७ला हो म्हणतो. मधले तेवीस इंच कोणाच्या खाती?

इथल्या हौशी लोकांना हे विचारलं की ते १९९८ची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे. लाँगलाइन म्हणजे मैलोन्‌मैल लांबीची दोरी आणि तिला शेकडो गऱ्या. तिने हा मासा इतका उपसला की फ्लोरिडासमोर हौशी गरीला काही लागेनासं झालं. १९९८ मध्ये "तलवार माशाला उसंत द्या" अशी मोहीम निघाली आणि शेकडो हॉटेलांच्या आचाऱ्यांनी तो ताटातून काढला. पुढच्या वर्षी अटलांटिकच्या ट्यूनावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, आयकॅटने, दहा वर्षांची सुधार योजना आखली. २००१ मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे पिल्लं वाढतात तिथे, लाँगलाइनला बंदी आली. २००९ मध्ये साठा सावरल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं. समुद्राच्या बाबतीत असं क्वचितच घडतं, तेव्हा मी नाक मुरडणार नाही.

पण ही गोष्ट सांगताना हौशी माणूस "आम्ही वाचवला" म्हणतो ना, तिथे माझं बिनसतं. पोट कोणाचं बंद झालं? लाँगलाइनवाल्याचं. त्याच्या बोटी विकल्या गेल्या, आणि मोकळ्या झालेल्या पाण्यात हौशी बोटींची जत्रा भरली. २०१७ मध्ये त्या बंद भागात संशोधनासाठी थोड्या लाँगलाइन बोटी सोडायचा विषय निघाला तेव्हा हौशी मंडळींनी असा काही आरडाओरडा केला की तुमच्या बंदरातली पर्ससीनची सभा मला सौम्य वाटली. लाँगलाइनवाला विचारतो, अमेरिकेच्या वाट्याचा कोटा वर्षानुवर्षं पुरता पकडलाच जात नाही, मग आयकॅटच्या टेबलावर दुसरा देश तो मागणार नाही का? आणि मागेल तो देश त्याच्या बोटींवर आमच्याइतके नियम लावेल का? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. इथल्या दुकानात तलवार माशाच्या तुकड्या मिळतात त्यातल्या बऱ्याच परदेशातून येतात. स्वतःच्या समुद्राला उसंत आणि दुसऱ्याच्या समुद्रावर जेवण.

तरीही बंदी उठवा असं मी म्हणणार नाही. पिल्लांचा परिसर बंद राहू दे. मला एवढंच वाटतं की ज्या माणसाला हा मासा विकायचा नाही, पोट त्यावर नाही, त्याच्यासाठी तरी पट्टी पुढे सरकवायला काय हरकत आहे? हे मी बोटीवरच्या मंडळींना सोमवारी ऑफिसात म्हणालो. एकाने विचारलं, "तू तुझा वाटा परत करतोस का?" मी गप्प बसलो. फ्रीझरमध्ये चार किलो आहे.

खाल्लासुद्धा. तिरफळ, आमसूल, घट्ट वाटण. मांस इतकं घट्ट की मटणाची आठवण यावी. सूनबाईला मात्र दिला नाही, तिला सातवा महिना आहे. या माशात पारा जास्त असतो, आणि गरोदर बाईने तो खाऊ नये असं इथलं सरकारच सांगतं. ती वरणभातावर बसली आणि आम्ही तिच्यासमोर ओरपत होतो, ते काही बरं दिसलं नाही.

आता तुझ्याकडे वळतो. २०२३ मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच सुमारास माशांची किमान मापंही ठरवली. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुझ्या तळहातावर पूर्ण मावेल. एलईडीवाल्यांना घातलेल्या शिव्या मला मान्य, पण तुमच्या डोलजाळ्यात काय येतं तेही मला माहीत आहे. लहानपणी ती नाण्याएवढी पापलेटं आपणच टोपलीत भरली आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काकांना सांग, इथे काठीचं टोक मान हलवतं तसं त्यांच्या हाताला दोरीतून कळायचं, त्याची आठवण आली.

तुझाच

ता. क. एक काम कर. ऐन गाबोळीच्या दिवसांत संध्याकाळच्या लिलावाला पट्टी घेऊन जा, साडेतेराच्या जरा वरची पाच-सहा पापलेटं घे, चिरून बघ, आणि किती पोटांत गाबोळी निघाली ते मला आकड्यात कळव. पैसे मी पाठवतो.