यादीत डोकं नाही

करंगळी गेली तर सात टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर चौदा. मधलं बोट बारा. अंगठा तीस. एक डोळा गेला आणि दुसरा धड असला तर चाळीस. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात हा बाजारभाव छापलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि यादीही बोटांसकट तिकडं गेली. ही यादी मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. पायाच्या बोटाचं पेर तुटलं तरी त्याला टक्का आहे. चेहरा भयंकर विद्रूप झाला तर आहे, ठार बहिरेपण आलं तर आहे. डोकं नाही. म्हणजे कवटीच्या आतलं डोकं. ज्यानं माणूस आपलं नाव सांगतो, पोरांना ओळखतो, एकास सहा माल कालवायचा हे ध्यानात ठेवतो, ते डोकं यादीत नाही.

माझा थोरला भाऊ गवंडी. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. शाळा चार बुकं, पण ओळंबा धरला की भिंत सुतात. पंचवटीच्या बाजूला नाक्यावर सकाळी सातला उभा राहायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये गंगापूर रोडकडच्या एका इमारतीवर काम चालू होतं. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरून गिलावा. परांचीची फळी सरकली आणि दादा खाली आला. डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. वय पस्तीस. रोज साडेचारशे.

हात शाबूत. पाय शाबूत. कानातून थोडं रक्त. मुकादमानं रिक्षात घातलं आणि नेलं. सातपूरला ईएसआयचा दवाखाना आहे, पण तो कार्डवाल्यांसाठी. नाक्यावरच्या माणसाकडं कसलं आलंय कार्ड. नेलं त्या दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्यात. एक, ग्लासगो स्केल नऊ. १९७४ साली निघालेली ही मोजपट्टी आहे. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तर हातपाय हलवतो का, याला तीनपासून पंधरापर्यंत गुण. नऊ म्हणजे मार मोठा. आणि त्याच कागदावर, त्याच अक्षरात, एक प्रश्नचिन्ह आणि पुढं 'दारू'.

दोस्तांनो, हे प्रश्नचिन्ह आम्हांला सहा वर्षं पुरलं.

डोक्याला मार लागलेला माणूस ओकतो. जीभ जड होते. तोल जातो. बरळतो, शिव्या देतो, धरायला गेलेल्याला लाथा मारतो. दारू प्यालेलाही हेच करतो. वैद्यकाला हे ठाऊक असतं, म्हणून रक्त तपासायचं असतं. दादाचं रक्त त्यासाठी कुणी घेतलं नाही. वहिनीला आडनाव विचारलं, राहायला कुठं म्हणून विचारलं, आणि प्रश्नचिन्ह काढलं. वहिनी म्हणाली, "साहेब, ते शिवतबी नाहीत." तिचं म्हणणं कागदावर आलं नाही. प्रश्नचिन्ह आलं.

रात्री डोकं उघडून रक्ताची गाठ काढली. एकवीस दिवसांनी दादा घरी आला. माय म्हणाली, देवळात न जाता पोरगं परत आलं. (आमच्या आज्याच्या कपाळावर खोक होती. ९ एप्रिल १९३० ला, रामनवमीच्या रथाच्या दिवशी, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहींवर दगड आले त्यातली. त्या डोक्याचा टक्का कुणी काढला नाही. आज अत्याचार प्रतिबंधाच्या १९८९ च्या कायद्याखाली नियम आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनं शंभर टक्के अपंगत्वाला सव्वाआठ लाख, पन्नासच्या वर साडेचार, पन्नासच्या आत अडीच. तिथंही टक्काच.)

घरी आला तो दादा नव्हता, असं माय म्हणते. मी तसं म्हणत नाही. दादाच होता, पण आतल्या वायरी कुठं कुठं तुटलेल्या. वास कळेना. दूध करपून भांडं काळं झालं तरी हा शेजारी बसलेला. सकाळी जेवला की दुपारी म्हणे, मला कुणी खायला घातलं नाही. ज्या दादानं कधी पोरांवर हात टाकला नाही त्यानं धाकट्याला पाटीनं मारलं आणि तासाभरानं त्यालाच मांडीवर घेऊन रडला. दिंडोरी नाक्यावरून घरची वाट चुकला. लोकांना काय, हातपाय धड दिसतात. माणसं म्हणायची, "बसून खायची सवय लागली." कुबडी असती तर बरं झालं असतं. कुबडी लोकांना दिसते.

१८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर एका मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली होती. तो जगला, पण स्वभाव पालटला. डॉक्टरीच्या पुस्तकात अजून त्याचा धडा असतो. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहालयात जपून ठेवलीय. म्हणजे डोक्याच्या मारानं माणूस बदलतो हे शास्त्राला तेव्हापासून माहीत आहे. आमच्या वस्तीला ते वहिनीनं घरोघर जाऊन सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात मुकादम आला. पंचवीस हजार आणि शंभराचा स्टॅम्प पेपर. "आमची कसलीही तक्रार नाही, पुढं काही मागणार नाही." दादाचा अंगठा घ्यायला शाईचा पॅड बरोबर. आमच्या वस्तीतले दोघे शहाणे म्हणाले, घ्या, कोर्टात जन्म जाईल. वहिनीनं दार लावलं. पुढं वकिलांनी सांगितलं की असला कागद त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणं रद्दच होता. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार टिकत नाही. आणि ज्याचं डोकं ताळ्यावर नाही त्याची एकरकमी भरपाई परस्पर हातात देता येत नाही, आयुक्ताकडं भरावी लागते. नाक्यावरच्या किती जणांनी असे अंगठे देऊन टाकले असतील, कागद टिकला म्हणून नव्हे तर कागद टिकत नाही हे कुणी सांगितलं नाही म्हणून.

वकील आम्हांला फुकट मिळाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ पाठ करून ठेवा. अनुसूचित जाती-जमाती, बाया, अपंग, औद्योगिक कामगार, यांना वकील मोफत. आपल्याला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही, जातीचा पुरतो. जिल्हा न्यायालयातच कचेरी आहे. जातीचा दाखला आयुष्यात पहिल्यांदा अपमानाशिवाय कामाला आला.

बिल्डरनं आधी सांगितलं, हा माणूस आमचा नाहीच, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, मुकादमाचा. मुकादम गावी निघून गेला. यावर कायद्यात उत्तर होतं, कलम १२. ज्याच्या धंद्यासाठी काम चाललंय तो मूळ मालक भरपाईला बांधील, ठेकेदाराकडून नंतर वसूल करायचं ते त्यानं बघावं. पण दादा त्या दिवशी तिथं होता हे तरी दाखवायला हवं. हजेरीची वही गायब. शेवटी एक गवंडी उभा राहिला. त्याला त्या साइटवर पुन्हा काम मिळालं नाही, हे त्याला माहीत होतं तरी उभा राहिला.

मग आला टक्का. डोकं यादीत नाही म्हणून कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरनं ठरवायचं. मंडळापुढं दादाला बसवलं. शंभरातून सात वजा करत चला. पंतप्रधान कोण. घड्याळ काढून दाखवा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं. दादानं पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. डॉक्टर म्हणाले, "चौथी पास आहे, आधीही आलं नसतं." तेव्हा वहिनी जे बोलली ते मी तसंच देतो. "साहेब, घड्याळ नसंल काढलं त्यांनी कधी. पर जिन्याच्या पायऱ्या किती आन् फूट किती, ह्ये तोंडावर सांगायचे. विटा किती लागतील त्ये खड्डा बघून सांगायचे. त्ये इचारा ना." ते विचारायचा फॉर्म त्यांच्याकडं नव्हता. सर्टिफिकेट आलं चाळीस टक्क्यांचं.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यातही डोक्याला मार लागून झालेलं अपंगत्व वेगळं नाव घेऊन नाही. कधी बौद्धिक, कधी मानसिक, कधी मज्जासंस्थेचा आजार, अशा कुठल्या तरी खणात माणूस कोंबावा लागतो.

आता हिशेब बघा. दादाची कमाई महिन्याला सव्वीस हजेऱ्यांचे अकरा हजार सातशे. कायदा त्यातले आठच हजार धरायचा. २०१० पासून तीच कमाल होती, ३ जानेवारी २०२० ला ती पंधरा हजार झाली. आठ हजाराचे साठ टक्के म्हणजे चार हजार आठशे. पस्तीस वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार ९,४५,८८८. हे पूर्ण अपंगत्वाचं. चाळीस टक्के धरले की ३,७८,३५५.

एवढ्यावर भागत नाही. दारूचा मुद्दा कायद्यात असा होता की कामगार प्यालेला असल्यामुळं अपघात झाला तर मालक सुटतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर सुटत नाही. म्हणजे टक्का शंभर झाला तर ते प्रश्नचिन्ह मेलं. टक्का चाळीस राहिला तर प्रश्नचिन्ह जिवंत. विमा कंपनीचा वकील चाळीसला का चिकटून बसला होता ते मला कोर्टाच्या व्हरांड्यात, चहा पिताना, कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. ते नुसते पैसे वाचवत नव्हते, चाळीसवर टेकून शून्यावर जायची वाट मोकळी ठेवत होते.

आमच्या वकीलबाईंनी १९७६ सालचा छापील सुप्रीम कोर्टाचा निकाल काढला. ओरिसातला सुतार, डावा हात कोपराच्या वर तुटलेला. यादीप्रमाणं टक्का कमी भरत होता. कोर्ट म्हणालं, एका हातानं सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतार म्हणून त्याची कमाई शंभर टक्के गेली. प्रश्न अवयवाचा नाही, धंद्याचा आहे. मग त्या गवंड्यालाच पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "ओळंबा धरतो तो. पण ओळंबा काय सांगतोय ते त्याला कळत नाही. परांचीवर चढवला तर दुसऱ्यालाही पाडील." बाहेरून आणलेल्या डॉक्टरनं साक्ष दिली की स्मृती, निर्णय, रागावरचा ताबा, तिन्ही गेलेत आणि आता भरून येणार नाहीत. दारूचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "रक्ताचा रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट नव्हता.

२०२० मध्ये कोर्टं बंद. २०२१ मध्ये निकाल. कमाईची ताकद शंभर टक्के गेली. ९,४५,८८८ आणि बारा टक्के व्याज. मालकाला पंचवीस टक्के दंड वेगळा, कारण रक्कम देणं लागतं तेव्हा त्यानं दिली नाही. दंड विमा कंपनीवर पडत नाही, मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा असतो.

एक गोष्ट मला अजून गिळत नाही. हाच दादा रस्त्यावर ट्रकखाली आला असता तर मोटार अपघाताच्या कायद्यानं यातनांचे पैसे, सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे, पुढच्या उपचाराचे पैसे, सगळं मोजलं असतं. हरियाणातली एक बारा वर्षांची पोर २००७ साली ट्रॅक्टरला ट्रक धडकून डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तिला ६२ लाख २७ हजार दिले, त्यात तिला सांभाळणाऱ्यांचे २१ लाख ६० हजार धरले. परांचीवरून पडलेल्याच्या कायद्यात सांभाळणाऱ्याचा रकाना नव्हता. वहिनी अकरा वर्षं रात्री दाराला आडवी झोपते, तो उठून निघून जाऊ नये म्हणून. ही हजेरी कुठल्याच वहीत नाही. औषधपाण्याचा खर्च २००९ च्या दुरुस्तीनंतर मागता येत होता, पण पावतीवर. बचत गटाकडून उचलून भरलेल्या पैशाच्या ज्या पावत्या जपल्या तेवढेच मिळाले. म्हणून पावती, डिस्चार्ज कार्ड, पहिल्या दिवसाचा कागद, सगळं एका पिशवीत ठेवायचं, कुणाच्या घरी अपघात झाला की पहिल्यांदा हे सांगायला जा.

कंपनी हायकोर्टात गेली. मालकाकडून अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम भरल्याचा दाखला लावावा लागायचा, म्हणून पैसे निदान जमा होते. २०२३ मध्ये अपील फेटाळलं. काही रक्कम वहिनीला मिळाली, त्यातून बचत गटाचं फिटलं आणि कानातलं सुटलं. बाकीची दादाच्या नावावर बँकेत मुदत ठेव आहे. व्याज तीन महिन्यांनी निघतं. मूळ रकमेला हात लावायचा तर वहिनीनं अर्ज करून कारण सांगायचं. थोरल्या पोरीच्या डिप्लोमाच्या फीसाठीचा अर्ज मंजूर झाला, घराच्या पत्र्यांसाठीचा नामंजूर.

दंडाचे २,३६,४७२ बिल्डरनं भरले नाहीत. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायचा दाखला निघालाय. तो सरकारी कचेरीत आहे. गेल्या सोमवारी गेलो तेव्हा बाबू म्हणाला, बिल्डरचा पत्ता बदललाय, नवा पत्ता तुम्हीच आणा. नव्या पत्त्यावर त्याची अकरा मजल्यांची साइट चालू आहे, बाहेर बोर्ड आहे, फोन नंबर आहे. मी बोर्डाचा फोटो काढून नेऊन दिला. बाबूनं तो फायलीला टाचला आणि पुढची तारीख दिली.